यंत्राबरोबर त्याची विद्याही जपा

जुनी वस्तू जपणे आणि ती वस्तू चालते कशी याची माहिती जपणे, ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम आपल्याला बऱ्यापैकी जमते. नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उभे आहे आणि तिथली चिलखती वाहने पाहायला लांबून माणसे येतात. दुसऱ्या कामासाठी इमारत लागत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. त्यामुळे ते बहुधा राहूनच जाते. घरातल्या जुन्या रेडिओच्या बाबतीत ते राहिले तर फारसे बिघडत नाही. रुग्णालयातल्या यंत्राच्या बाबतीत राहिले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. ही किंमत कशी टाळता येते, याचा धडा एका अनपेक्षित ठिकाणी सापडतो. तो आहे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका घरगुती संगणकात.

२३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. १६ किलोबाइट स्मृती असलेल्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड होती. रबरी बटणांची ती छोटी पेटी घरातल्या टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची आणि त्यातला प्रोग्रॅम संगणकात उतरेपर्यंत काही मिनिटे वाट पाहायची. आजच्या साध्या मोबाइलची स्मृती त्याच्या लाखपटीने मोठी असते. तरीही त्या पेटीने एका पिढीला संगणकाशी बोलायला शिकवले. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. साधारण त्याच काळात, १९८४-८५ पासून, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून ‘बीबीसी मायक्रो’ हे दुसरे ब्रिटिश यंत्र आपल्या निवडक शाळांमध्ये पोहोचले होते. पुढे आयबीएम पद्धतीचे संगणक आले आणि १९९० च्या सुमारास या छोट्या यंत्रांची बाजारपेठ ओसरली. सिंक्लेअरने आपला संगणक व्यवसाय १९८६ मध्येच अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला विकला होता.

म्हणजे मूळ कंपनीने धंदा सोडला, उत्पादन थांबले, सुटे भाग मिळेनासे झाले. हिशेबाने हे यंत्र केव्हाच संपायला हवे होते. पण आजही कोणाच्या माळ्यावर बंद पडलेला स्पेक्ट्रम सापडला, तर तो दुरुस्त होण्याची चांगली शक्यता असते. याला कारण एकच. त्याच्याविषयीची तांत्रिक माहिती लोकांनी खणून काढली, लिहून ठेवली आणि वाटली.

स्पेक्ट्रमचा मूळ प्रोग्रॅम १६ किलोबाइटच्या एका रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये, आकड्यांच्या रूपात भरलेला होता. डॉ. इयान लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी ते सारे आकडे एकेक करून उलगडले, कोणता आकडा काय काम करतो याचे स्पष्टीकरण लिहिले आणि १९८३ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. यातले लोगन पेशाने डॉक्टर होते, ही डॉक्टरमंडळींना सुखावणारी गोष्ट. शरीर उघडून पाहिल्याशिवाय रोग कळत नाही हे वैद्यकाने शवविच्छेदनातून शिकले. इथे एका डॉक्टरने तीच वृत्ती यंत्राला लावली.

दुसरा अडसर होता ‘यूएलए’ नावाच्या चिपचा. फेरांटी कंपनीने ती खास स्पेक्ट्रमसाठी बनवली होती. ती गेली की यंत्र गेले, कारण तिची जागा घेणारी दुसरी चिप दुकानात मिळत नव्हती. ख्रिस स्मिथ या अभियंत्याने या चिपच्या अंतरंगाचा सूक्ष्मदर्शकाच्या पातळीवर जाऊन अभ्यास केला आणि २०१० मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. आता ज्याला कळते तो तिच्याजागी बसणारा भाग तयार करू शकतो. कंपनीनेही एक शहाणपणाची गोष्ट केली. १९९९ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने रॉममधला मजकूर एम्युलेटरसाठी, म्हणजे नव्या संगणकावर जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, वाटायला परवानगी दिली. मालकी स्वतःकडेच ठेवली, पण दार उघडले. त्यात कंपनीचे काही नुकसान झाले नाही आणि एक यंत्र विस्मरणातून वाचले.

अशी माहिती हाताशी असली की दुरुस्ती कशी बदलते, याचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ किलोबाइटच्या स्मृती-चिपना तीन वेगवेगळे विद्युतदाब लागतात: अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट. ते पुरवणाऱ्या मंडलात ‘टीआर-४’ नावाचा एक छोटा ट्रान्झिस्टर आहे. तो जळाला की उणे ५ व्होल्टचा पुरवठा जातो आणि त्यापाठोपाठ स्मृती-चिप मरू लागतात. पडद्यावर नुसती रंगीबेरंगी गिचमीड दिसते. ज्याला ही साखळी माहीत नाही तो मेलेली चिप काढून नवी बसवतो आणि तीही जळते. ज्याला माहीत आहे तो आधी दाब मोजतो, ट्रान्झिस्टर बदलतो आणि मगच चिपला हात लावतो. ताप उतरवायचा की तापाचे मूळ शोधायचे, हा डॉक्टरांचा रोजचा प्रश्न आहे. यंत्राच्या बाबतीतही उत्तर तेच आहे. पण मूळ शोधायला यंत्राची शरीररचना कुठेतरी छापलेली असावी लागते.

आता रुग्णालयात येऊ. रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर, थेंबाथेंबाने औषध देणारा सिरिंज पंप, व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, नवजात बाळाचा वॉर्मर, रक्त तपासणारे यंत्र या प्रत्येकाच्या पोटात एक छोटा संगणक असतो. जुन्या संगणकांना जे आजार होतात तेच यांनाही होतात. कपॅसिटर सुकतात, बॅटरीतून क्षार गळून सर्किटच्या रेषा खातो, जोडण्या सैल होतात, चिपमधला मजकूर पुसट होतो. फरक इतकाच की स्पेक्ट्रमचा सर्किट डायग्राम शाळकरी मुलालाही मिळू शकतो. रुग्णालयातल्या बऱ्याच यंत्रांचे सर्व्हिस मॅन्युअल मात्र फक्त कंपनीच्या माणसाकडे असते आणि दुरुस्तीचा पडदा पासवर्डशिवाय उघडत नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातील मोजणीत २९ राज्यांमधल्या २९,११५ सरकारी आरोग्य संस्थांत मिळून ७,५६,७५० उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. वेगवेगळ्या राज्यांत यातली १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती. त्यानंतर देखभालीचे काम खासगी संस्थांना देण्याची पद्धत आली. जिल्हा रुग्णालयातील उपकरणे ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रातील ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के काळ चालू राहावीत, असे उद्दिष्ट ठरले. हे पाऊल आवश्यकच होते. पण करार कधीतरी संपतो, संस्था बदलते, तंत्रज्ञ दुसरीकडे जातो. यंत्राला कोणता आजार वारंवार होतो आणि तो कशाने बरा होतो, हे त्या तंत्रज्ञाच्या डोक्यातले ज्ञान त्याच्याबरोबरच निघून जाते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राचे नाव राहते, विद्या राहत नाही. काही वर्षांनी ते निर्लेखित होते आणि भंगारात जाते. त्यातले एखादे यंत्र कदाचित शंभर रुपयांच्या सुट्या भागासाठी अडलेले असते.

माहिती दडून राहिली की केवळ यंत्रच बंद पडते असे नाही. चालू यंत्रही घातक ठरू शकते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या ‘थेरॅक-२५’ या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यातले निदान तीन दगावले. दोष संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये होता. आधीच्या यंत्रात अशी चूक अडवणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. नव्यात ती काढून सगळी भिस्त प्रोग्रॅमवर ठेवली गेली. टेक्सासमधील एका रुग्णालयाने विचारणा केली तेव्हा कंपनीने असा दुसरा अपघात आपल्याला माहीत नसल्याचे सांगितले, जरी तक्रारी आधीही झाल्या होत्या. शेवटी त्याच रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ महिलेने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून चूक कशी घडते ते शोधले. पडद्यावरचा मजकूर काही सेकंदांत घाईने दुरुस्त केला की यंत्र फसत होते. ही माहिती इतर रुग्णालयांपर्यंत गेली तेव्हा उलगडा होऊ लागला. रुग्णालये एकमेकांशी आधी बोलली असती, यंत्राच्या आत काय आहे हे त्यांना पाहता आले असते, तर काही जीव वाचले असते असे मानायला पुष्कळ जागा आहे.

आणखी एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. ‘आर्गस-२’ हे दृष्टी गमावलेल्यांसाठीचे यंत्र होते. चष्म्यावर कॅमेरा आणि डोळ्याच्या पडद्यावर साठ विद्युतअग्रांचे रोपण, अशी त्याची रचना. त्यातून प्रकाश आणि आकारांचे ढोबळ भान येत असे. जगभरात ३५० हून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. २०२० पर्यंत कंपनी आर्थिक संकटात आली आणि या यंत्राचा पाठिंबा थांबला. ज्यांच्या डोळ्यात ते होते त्यांना ना सुटे भाग, ना नीट माहिती. माळ्यावरचा संगणक जुना झाला तर झाकून ठेवता येतो. डोळ्यातला संगणक जुना झाला तर माणसाने काय करायचे? स्पेक्ट्रमच्या चाहत्यांनी जे केले ते या रुग्णांसाठी करायला कोणाच्या हाती कागदच नव्हते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दोन्ही झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला असा की संशोधनावर पैसा ओतणारी कंपनी आपले गुपित का वाटेल? पण सर्व्हिस मॅन्युअल म्हणजे उत्पादनाचे गुपित नव्हे. यंत्र कसे बनवायचे आणि बिघडले तर कसे सुधारायचे, या वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅमस्ट्रॅडनेही मालकी सोडली नव्हती.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. नऊ व्होल्टच्या स्पेक्ट्रममध्ये चूक झाली तर एक चिप जळते. डिफिब्रिलेटर किंवा एक्स-रे यंत्राच्या कपॅसिटरमध्ये मात्र यंत्र बंद केल्यावरही जीवघेणी वीज साठून राहू शकते. सिरिंज पंप दुरुस्त झाला पण त्याचे मोजमाप चुकले, तर रुग्णाला औषधाचा चुकीचा डोस जातो. म्हणून हात प्रशिक्षितच हवेत आणि दुरुस्तीनंतर तपासणी, कॅलिब्रेशन व नोंद झालीच पाहिजे. याचा अर्थ माहिती कुलपात ठेवावी असा होत नाही. औषधांची मात्रा छापील पुस्तकात कोणालाही वाचता येते, म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. पण ते पुस्तकच नसेल तर डॉक्टरही आंधळा होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला. बाहेरच्या तंत्रज्ञांच्या दुरुस्तीमुळे व्यापक धोका निर्माण होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. करोना साथीत, मे २०२० मध्ये, ‘आयफिक्सिट’ या संस्थेने १३ हजारांहून अधिक वैद्यकीय मॅन्युअल गोळा करून मोफत खुली केली. रुग्णालयांतील तंत्रज्ञांना त्याची गरज किती होती हे त्यावरून कळते.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती वापराची टिकाऊ उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली. ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचा हक्क शेतकऱ्याला हवाच. पण ज्या यंत्रावर त्याच्या बाळाचा श्वास टिकून असतो, ते या यादीत नाही. ते पाचवे क्षेत्र म्हणून यायला हवे.

ज्ञान वाटल्याने टिकते, हे सांगायला आपल्या जिल्ह्याला इंग्लंडचा दाखला खरे तर लागू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. बी बरणीत नुसते ठेवले तर काही वर्षांत त्याची उगवण जाते. ते पेरावे लागते, दुसऱ्याला द्यावे लागते. त्यांच्याकडून बी नेणाऱ्याने ते दुप्पट करून परत द्यायचे, अशी रीत आहे. सोबत ते बी कधी पेरायचे, कसे साठवायचे, हेही सांगितले जाते. वाण आणि त्याची विद्या एकत्र फिरते, म्हणून दोन्ही जिवंत राहतात.

जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, अतिसार, पोषण यांचे ज्ञान डॉक्टरच्या हातून सुटून गावात गेले, तर अनर्थ होईल अशी भीती तेव्हाही होती. घडले उलटेच. बालमृत्यू घटले आणि त्या बायका एकमेकींना शिकवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नियम पाळून, शिकवून, देखरेख ठेवून ज्ञान वाटले तर ते धोकादायक होत नाही, हे जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिले. तोच विचार आता यंत्रांना लावायचा आहे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. यंत्राच्या निविदेतच अट हवी की सर्व्हिस मॅन्युअल, सर्किट डायग्राम, सुट्या भागांची यादी आणि दुरुस्तीचा पासवर्ड यंत्रासोबत मिळालाच पाहिजे, नाहीतर बिल निघणार नाही. कंपनीने यंत्राचा पाठिंबा बंद केला तर त्याची सर्व तांत्रिक माहिती शासनाकडे जमा करावी, हेही करारात असावे. प्रत्येक यंत्राला रुग्णासारखा केसपेपर हवा. कधी बिघडले, लक्षण काय होते, काय सापडले, काय बदलले, कोणी तपासले, एवढ्या पाच ओळी त्यात पुरेत. जिल्ह्यातील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतले हे केसपेपर एकत्र केले, तर संगमनेरला सापडलेला दोष शेवगावला पुन्हा शोधत बसावा लागणार नाही. निवृत्त होणाऱ्या तंत्रज्ञाला निरोपाच्या नारळाबरोबर एक विनंतीही करावी, की जाण्यापूर्वी जे हाताला माहीत आहे ते कोणाला तरी सांगून, लिहवून ठेवा. तंत्रनिकेतन आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांना निर्लेखित यंत्रे अभ्यासाला मिळावीत. भंगारात जाण्यापूर्वी त्या यंत्रांनी शेवटचे एक काम करावे, ते शिकवण्याचे. आणि परिचारिकांसाठी प्रत्येक यंत्रावर रोजच्या काळजीची एक पानाची मराठी टिपणी चिकटवावी. आजारी यंत्राची पहिली लक्षणे त्यांनाच दिसतात.

घरोघरीही थोडे काम आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गावागावांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. त्यातले कितीतरी आज कोपऱ्यात उभे आहेत. या यंत्रात झिओलाइट नावाचे खनिज हवेतला नायट्रोजन शोषून घेते आणि ऑक्सिजन पुढे जातो. दमट हवेने ते खनिज निकामी होऊ लागते. मग यंत्र घरघरत राहते, पण त्यातून येणाऱ्या हवेत पुरेसा ऑक्सिजन नसतो. ऑक्सिजनचे प्रमाण ८२ टक्क्यांखाली गेले तर ते यंत्र रुग्णासाठी भरवशाचे नाही. त्यामुळे पुन्हा वापरण्यापूर्वी जाणकाराकडून ते मोजून घ्यावे. नेब्युलायझर, ग्लुकोमीटर, रक्तदाबाचे यंत्र यांच्यासोबत आलेली पुस्तिका खोक्याबरोबर फेकू नये. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि यंत्र दुसऱ्याला दिले तर पुस्तिकाही द्यावी.

स्पेक्ट्रम वाचवणाऱ्यांना त्यातून काही मिळवायचे नव्हते. एका खेळण्यावजा यंत्रावर त्यांचे प्रेम होते, इतकेच. तेवढ्या प्रेमातून एका मृत यंत्राची संपूर्ण शरीररचना जगाला खुली झाली. ज्या यंत्रांवर माणसांचे श्वास अवलंबून आहेत त्यांची शरीररचना निदान तितकी तरी खुली असावी. आपल्या जिल्ह्यातील पुढच्या निविदेत ती एक अट घालून याची सुरुवात करता येईल.